दोरी सोडली तरी

मला या घरात आधी पसंत केलं ते सासऱ्यांनी. नवऱ्याने नंतर केलं, तेही वडिलांनी तीनदा आठवण करून दिल्यावर. तेव्हा मी एका ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी मला ड्राफ्ट्समनच म्हणत आणि मला त्याचं काही वाटत नसे. एक दिवस एक गृहस्थ कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "याचं ड्रॉइंग हवंय. पेटंटच्या अर्जाला जोडायचंय. एक रेघ जरी खोटी आली तरी मला चालणार नाही."

"मलाही चालत नाही," मी म्हटलं.

चार दिवसांनी ते ड्रॉइंग न्यायला आले. भिंग लावून अर्धा तास पाहत बसले आणि उठताना म्हणाले, "लग्न झालंय का तुमचं?" ऑफिसातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. तेव्हा घाईघाईने म्हणाले, "माझ्यासाठी नाही. मुलासाठी."

याला आता एकोणीस वर्षं झाली. नवरा शाळेत इतिहास शिकवतो. त्याला खिळा ठोकायला सांगितला तर भिंत खाली येईल, म्हणून आम्ही सांगत नाही. घरातलं ठोकणं, कापणं, आवळणं सगळं सासऱ्यांकडे, म्हणजे बाबांकडे, आणि त्या सगळ्याची ड्रॉइंगं माझ्याकडे. गल्लीत त्यांना खटपटेकाका म्हणतात. आमचं आडनाव वेगळंच आहे, पण पोस्टमनसुद्धा आता ते विसरला आहे.

घरामागे पत्र्याची एक खोली आहे, तेच बाबांचं वर्कशॉप. तीन खिडक्या, एक लांब बाक, एक जुनं लेथ मशीन. भिंतीवर हत्यारं टांगलेली आणि प्रत्येक हत्यारामागे त्याचीच आकृती रंगवलेली, म्हणजे कानस जागेवर नसली की भिंतीवर कानशीचं भूत दिसतं. मी तशी भित्री नाही आणि भाविक तर मुळीच नाही. पण त्या खोलीत गेलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. जगात आजवर नव्हती अशी गोष्ट त्या बाकावर जन्माला येताना मी नऊ वेळा पाहिली आहे. नवव्या वेळीही पहिल्यासारखाच काटा आला.

आमच्या घरातल्या बोळात भिंतीवर चौदा पेटंटांची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली आहेत. वाऱ्याने न आपटणारी खिडकीची कडी. मेन बंद न करता वायसर बदलता येईल असा नळ. ज्याचा एक हात गेला होता अशा एका सुतारासाठी लाकूड पकडून ठेवणारा, पायाने आवळायचा वाइस. तो सुतार हे यंत्र पहिल्यांदा वापरून झाल्यावर नुसता फळीवरून हात फिरवत राहिला. फ्रेमा सासूबाईंनी लावल्या. बाबा त्यांच्यासमोरून दिवसातून वीस वेळा जात आणि ढुंकूनही पाहत नसत. कारण त्यांचा एक नियम होता. पेटंट हाती आलं की त्या वस्तूचं मॉडेल ट्रंकेत जायचं, ट्रंकेला कडी लागायची आणि तो विषय संपायचा.

"आधी केलेलं बघितलं की हात त्याच वाटेने जातो," ते म्हणायचे. "मला दरवेळी रस्ता माहीत नसलेलाच बरा."

दुसराही एक नियम होता. पेटंट मिळेपर्यंत नवी वस्तू घरातसुद्धा लावायची नाही. या नियमाने सासूबाईंच्या नाकी नऊ आणले होते, पण तो मोडायची हिंमत घरात कुणाची नव्हती.

मग बाबा विसरायला लागले. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. भाजी आणायला गेलेला माणूस भाजीऐवजी स्क्रू घेऊन येतो, हे तर ते पंचवीस वर्षांचे असल्यापासून चालू होतं. त्यामुळे स्वभाव कुठे संपला आणि विसरणं कुठे सुरू झालं ते आम्हाला कळलंच नाही. कळलं ते त्या दिवशी, जेव्हा कोपऱ्यावरचा शिंपी त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. बाबा चौकात उभे होते. चारही रस्त्यांकडे आळीपाळीने पाहत होते आणि घर कोणत्या रस्त्यावर ते त्यांना सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "हात कामात ठेवा. हातांना बरंच काही लक्षात राहतं."

त्या संध्याकाळी जेवताना बाबा अगदी शांत होते. ताट बाजूला सारून मला म्हणाले, "सूनबाई, एक शब्द दे. ज्या दिवशी मला माझं स्वतःचं काम ओळखता येणार नाही, त्या दिवशी वर्कशॉपला कुलूप लावायचं. आत धारेची यंत्रं आहेत. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाने तिथे बसू नये. मी हट्ट करीन, ऐकू नकोस."

नवरा काहीतरी बोलणार होता. बाबांनी हात वर केला. "तुला नाही विचारलं. तू मऊ आहेस."

मी शब्द दिला. वर्कशॉप बंद म्हणजे बाबाच बंद, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही होतं.

आता कपड्यांच्या दांडीची गोष्ट. आमच्या मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची लांब दांडी छताला टांगलेली आहे. दोरी ओढली की कप्पीवरून दांडी वर जाते, मग दोरीचे दोन वेढे भिंतीवरच्या हुकाला मारायचे. सासूबाईंच्या अंगठ्यांचे सांधे सुजलेले. एकदा ओल्या चादरी वर नेताना वेढा मारायच्या आत दोरी हातून सुटली आणि अख्खी दांडी चादरींसकट त्यांच्या खांद्यावर आली. फार लागलं नाही. पण बाबांनी ते पाहिलं. त्यांनी आधी सासूबाईंना उठवलं, मग दोरी हातात घेतली आणि ती तशीच धरून कितीतरी वेळ उभे राहिले.

"हात सुटला तरी ओझं खाली येता कामा नये," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यानंतर अकरा दिवस ते वर्कशॉपमधून फक्त जेवायला बाहेर येत. माझं नाव दोनदा चुकले, वार रोज चुकले, पण कानस एकदाही चुकीच्या जागी टांगली नाही. बाराव्या दिवशी आम्हा दोघींना बोलावलं. बाकावर एक लाकडी चौकट उभी होती आणि तिला तळहाताएवढी पितळी पेटी बसवलेली. पेटीतून दोरी जात होती आणि तिच्या टोकाला विटांची पिशवी.

"ओढ," ते सासूबाईंना म्हणाले.

त्यांनी ओढली. पिशवी वर गेली.

"आता सोड."

"अहो, पायावर पडेल कुणाच्या!"

"सोड म्हणतो ना."

त्यांनी डोळे मिटून दोरी सोडली. पिशवी हवेतच राहिली. केसभरसुद्धा खाली आली नाही. मग बाबांनी पेटीच्या बाजूला असलेल्या एका छोट्या शेपटीला करंगळी लावली आणि पिशवी हळूच खाली आली. करंगळी काढली, थांबली. लावली, उतरली.

मी पेटी उघडून पाहिली. आत अर्ध्या लिंबाच्या आकाराचा एक तुकडा होता, एवढंच. ओझं दोरीला मागे खेचायला लागलं की तो तुकडा दोरीबरोबर वळतो आणि तिला समोरच्या भिंतीवर दाबून धरतो. ओझं जितकं जास्त, तितका दाब जास्त. आणि सोडवायचं तर झोपेतला माणूस कुशीवर वळतो तसा तो अलगद उलटा वळतो. ना स्प्रिंग, ना दाते. घर कुठे आहे ते न आठवणाऱ्या माणसाने हे केलं होतं. मला रडू आलं. ते लपवायला मी मोजमापाची पट्टी शोधत बसले.

सासूबाई मात्र त्या पेटीकडे विचित्र नजरेने पाहत होत्या. मला वाटलं, खांदा दुखत असेल.

पुढचं माझं काम. ड्रॉइंगं केली, दावे लिहिले, म्हणजे यात नवं काय ते कलमवार मांडलं. असं काही आधी कुणी केलं आहे का, हे शोधायला तीन आठवडे घालवले. जहाजांवरच्या पकडी पाहिल्या, डोंगर चढणाऱ्यांच्या पाहिल्या, रंगमंचाचे पडदे उचलणाऱ्यांच्या पाहिल्या. अर्ध्या लिंबासारखं कुठेच काही नव्हतं. अर्ज गेला. दांडीला हात लावायचा नाही, हा नियम होताच. तोवर दोरीचे वेढे मी मारायचे असं ठरलं. सासूबाई कुरकुरल्या, "पेटंट येईपर्यंत कपडे सूनबाईच्या डोक्यावर वाळत घालते मी."

सव्वा वर्षाने परीक्षणाचा अहवाल आला. या सव्वा वर्षात बाबा बरेच मागे गेले होते. वर्कशॉपमध्ये बसत, लहानसहान गोष्टी घासत, पण नवं काही सुरू करत नव्हते. "पेटंटचं काय झालं?" हा प्रश्न मात्र रोज न चुकता विचारत. सगळं विसरणाऱ्या त्या डोक्याने ही एकच खुंटी घट्ट धरली होती.

मी पाकीट फोडलं. परीक्षकांनी लिहिलं होतं की ही रचना नवी नाही. दोरी चेपून धरणारी अशीच पेटी एकतीस वर्षांपूर्वी पेटंट झालेली आहे. त्या पेटंटची मुदत कधीच संपली असली, तरी जे एकदा जाहीर झालं ते पुन्हा नवं ठरत नाही. सोबत जुन्या पेटंटची प्रत होती. मी पहिलं पान उलटलं आणि शोधकाच्या नावाच्या रकान्यात बाबांचं नाव वाचलं.

मी ते तीन वेळा वाचलं. मग पान हातात धरून तशीच स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला, हातातला कागद पाहिला आणि गॅस बंद केला.

"कळलं म्हणजे पेटंटवाल्यांना," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी पेटी बघताक्षणी ओळखली. तेव्हा हे गोदामात फिटर होते. एका हमालाच्या पायावर पोतं पडलं, पाऊल गेलं त्याचं. यांनी सहा महिने खपून पोती उचलायची पेटी केली. पेटंटही मिळालं. पण भारी पोतं लावलं की आतली पाचर अडकायची, हातोडा मारल्याशिवाय सुटायची नाही. कुणी घेतली नाही. इतके खचले की प्रमाणपत्र मलाही भिंतीवर लावू दिलं नाही. ट्रंकेत तळाशी आहे. जुनं बघायचं नाही, हा नियम त्या वेळचाच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, मी तीन आठवडे जगभर शोधत होते! एका शब्दाने सांगितलं असतंत तर?"

"तू त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिलास?" त्यांनी विचारलं. "मी दोनदा पाहिलाय. एकतीस वर्षांपूर्वी हाच होता. एकाच माणसाला तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुचत होती, आणि या वेळी सहा महिने नाही, अकरा दिवसांत. माझी जीभच उचलली नाही गं."

रागावायचं राहूनच गेलं. मी मनात ते चित्र पाहत होते. पुसून गेलेला रस्ता, आणि त्यावरून पुन्हा चालत त्याच दारापर्यंत पोचलेला माणूस. मला हे समजत नव्हतं, आजही समजत नाही.

पण मला शब्दही आठवत होता. माझं स्वतःचं काम ओळखता येणार नाही त्या दिवशी. तेव्हा मी एक गोष्ट केली, बरी की वाईट ते मी अजून ठरवलेलं नाही. जुन्या ड्रॉइंगवरचं नाव कागदाच्या पट्टीने झाकलं आणि ते वर्कशॉपमध्ये बाबांच्या पुढे ठेवलं. म्हटलं, "बाबा, एकाचं काम आलंय. तुमचं मत हवंय." देवाला हात जोडायची सवय नाही मला, पण त्या वेळी बाकाच्या खाली बोटं गुंफून धरली होती. ओळखा, ओळखा.

त्यांनी भिंग लावलं. बोट दोरीवर ठेवलं आणि ते दोरीच्या वाटेने पेटीत शिरलं, पाचरीवर आलं, थांबलं. चेहऱ्यावर ओळखीची खूण नव्हती. नुसता आनंद होता.

"हुशार आहे," ते म्हणाले. "फार हुशार आहे हा माणूस. पण घाईत आहे."

"म्हणजे?"

"पाचर सरकवलीय याने. सरकणारी वस्तू भाराखाली रुतते. याला कुणाची तरी काळजी लागली होती, लवकर संपवायचं होतं. जरा थांबला असता तर कळलं असतं की ती सरकायला नको, वळायला हवी." भिंग खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. "कोण आहे हा? भेटायला हवं त्याला."

मी म्हटलं, "बघते," आणि बाहेर येऊन नळ सोडून तोंड धुतलं. कुलूप मात्र लावलं नाही.

हरकतीवर सुनावणी लागली, तिला मी एकटीच जाणार होते. पण बाबा आजवर एकही सुनावणी चुकले नव्हते आणि तारीख त्यांनी कॅलेंडरवर स्वतः लिहिली होती. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. सासूबाईंनी नव्या पेटीच्या पिशवीत कापडात बांधलेलं आणखी एक गाठोडं ठेवलं. "ट्रंकेतलं आहे," मला हळूच म्हणाल्या. "लपवून कुठे नेणार आता? असू दे बरोबर."

परीक्षक एक तरुण बाई होत्या. छोटी खोली, टेबलावर फायली, मागे कायद्याची जाडजूड पुस्तकं. बाबा आत येताच त्या उठून उभ्या राहिल्या. "मी तुमची सगळी पेटंटं वाचली आहेत," त्या म्हणाल्या. "कामासाठी नाही. आवडली म्हणून." मग ओशाळून त्यांनी जुनी प्रत पुढे केली. "म्हणूनच मला हे सापडलं. मला वाटलं होतं तुमच्या लक्षात असेल. हेही तुमचंच आहे."

बाबांनी पान घेतलं. नाव वाचलं. ड्रॉइंग पाहिलं. पुन्हा नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी दाखवलंस ते हेच?"

"हो बाबा."

"तुला माहीत होतं?"

"हो."

बाबांचा चेहरा पडला, अगदी माझ्यासमोर म्हातारा झाला. परीक्षक बाईंना आपण काय केलं ते कळत नव्हतं, पण काहीतरी केलं हे कळलं होतं. मला वाटलं, हात धरून घरी न्यावं. मी उठणार तेवढ्यात त्यांनी पिशवी जवळ ओढली, गाठोडं चाचपलं, सोडलं. आत जुनी लोखंडी पेटी. ती त्यांनी तळव्यावर घेऊन तोलली. बोटं आपोआप तिच्या कडेवरून फिरली आणि मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

"बाई," ते म्हणाले, आणि आवाज स्वच्छ होता, "हा मीच असेन, तर याची चूक मीच दाखवतो. तुमची पुस्तकं द्या जरा."

बरोबर आणलेली लाकडी चौकट टेबलावर उभी केली. जुनी पेटी लावली. पिशवीत कायद्याची सहा पुस्तकं भरली. ओझं वर गेलं, थांबलं. "आता सोडवा." बाईंनी एका हाताने खेचलं, मग दोन्ही हातांनी, मग उभं राहून. पाचर हलेना. बाबांनी ओझं खालून उचलून धरलं तेव्हा कुठे सुटली. मग त्यांनी नवी पेटी लावली. त्याच सहा पुस्तकांवर आणखी दोन. "करंगळी लावा."

बाईंनी करंगळी लावली. आठ पुस्तकं पिसासारखी खाली आली. त्यांनी करंगळी काढली आणि पुस्तकं मध्येच थांबली. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मग एकदम लहान आवाजात म्हणाल्या, "मी पुन्हा एकदा करून बघू?"

त्यांनी चार वेळा केलं. मग खुर्चीत बसून लिहायला घेतलं. आधीच्या शोधात सरकणारी पाचर, या शोधात वळणारा तुकडा, आणि फरक प्रत्यक्ष पाहिला. दाव्यात एवढी दुरुस्ती करून पाठवा, असं मला सांगितलं. निघताना त्या बाबांच्या पाया पडल्या नाहीत, काही नाही. फक्त दार उघडून धरून उभ्या राहिल्या आणि आम्ही जिना उतरेपर्यंत तिथेच होत्या.

बसमध्ये बाबांनी खिशातून वर्कशॉपची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"बाबा, चूक तर ओळखलीत ना? मी भिंगाला डोळा लावून शोधत बसले असते तरी मला दिसली नसती. माणूस नसेल ओळखला. चूक ओळखलीत."

"शब्द चुकीबद्दल नव्हता. कामाबद्दल होता." ते खिडकीबाहेर पाहत होते. "लाव कुलूप."

मी लावलं. शब्द दिला होता, आणि ते म्हणाले होते की मी हट्ट करीन, ऐकू नकोस. त्यांनी हट्टसुद्धा केला नाही, हे जास्त लागलं. पुढचे दोन महिने ते गॅलरीतल्या स्टुलावर बसून राहिले. मांडीवर हात, आणि हातांत काही नाही. बोटं मात्र चालू असायची, काहीतरी घासत, वळवत. "पेटंटचं काय झालं?" हेही विचारायचे थांबले. जेवण कमी झालं. नवरा मला म्हणाला, "उघड ना ते कुलूप." मी त्याच्यावर ओरडले, कारण मला तेच करायचं होतं.

पेटंट आलं एका मंगळवारी. मी बाबांना प्रमाणपत्र दाखवलं. "छान," म्हणाले आणि परत दिलं. कशाचं ते त्यांना उमगलं नव्हतं. सासूबाईंनी कागद घेतला, वाचला आणि म्हणाल्या, "मग आता नियमाप्रमाणे लावायला हरकत नाही."

पेटी मी लावली. नवऱ्याने मदत केली, म्हणजे थोडं प्लॅस्टर पाडलं. बाबा स्टुलावरून ते कुतूहलाने पाहत होते, शेजारच्या घरी काही चाललं असावं तसं. मग सासूबाईंनी ओल्या चादरी दांडीवर टाकल्या, सुजल्या अंगठ्यांनी दोरी ओढली आणि दांडी छतापाशी गेल्यावर दोन्ही हात सोडून दिले.

दांडी वरच राहिली. चादरींतून पाणी टपटपत होतं.

बाबा उठले. वर पाहिलं. दोरीच्या वाटेने त्यांची नजर कप्पीवरून खाली, पेटीपर्यंत आली. जवळ जाऊन त्यांनी शेपटीला करंगळी लावली. दांडी वीतभर उतरली. काढली, थांबली. मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि सासूबाई म्हणत होत्या तो चेहरा कोणता ते मला कळलं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "आहे एक जण. हुशार आहे."

"फार हुशार आहे. आणि घाई नाही याला." ते पेटीवर कान टेकवून ऐकत होते. "भेटायला हवं."

"येईलच तो," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही हलला नाही. "चहा टाकते."

बाबा एकदम गडबडले. केसांवरून हात फिरवला, शर्टाची बटणं लावली आणि माझ्याकडे वळून चिडून म्हणाले, "अगं सूनबाई, मग बघत काय बसलीस? अशा माणसाला बाहेर स्टुलावर बसवायचं का? वर्कशॉप उघडून ठेव."

मी किल्ली आणायला आत धावले.